डोळ्यांच्या उंचीची जागा

सरकारी पत्रकावर हसणारा माणूस छापलेला दिसला की मी आधी खिसा चाचपतो. चौतीस वर्षं वॉर्ड ऑफिसच्या समोर माझं शिक्के कोरायचं दुकान होतं. आमच्या देशात माणसाचं नाव तोंडी चालत नाही, त्याच्या नावाचा शिक्का लागतो. निदान माझ्या उमेदीत लागायचा. लग्न असो, भाड्याचं घर असो, बँक असो की घटस्फोट, लोक हातात कागद धरून रस्ता ओलांडायचे आणि माझ्या काउंटरला टेकून उसासे टाकायचे. ते कागद मी चौतीस वर्षं उलट्या बाजूने वाचलेत. माझा अनुभव असा की कागदावर कुणी हसत नसेल तर काम दोन फेऱ्यांत होतं. हसत असेल तर चपला झिजतात.

या पत्रकावर हातात झाडू घेतलेला एक म्हातारा हसत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आता काम करा, आणि मदतही चालू ठेवा!’ म्हाताऱ्याचे दात फारच उत्तम होते. सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाला असले दात परवडत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी मदतीवर का आलो ते सांगत बसत नाही. दुकान गेलं, मग बायकोच्या आजारपणात घर गेलं, मग बायको गेली. एवढं पुरे.

मुद्दा नियमाचा आहे. जुना नियम असा की महिन्याची मदत मिळते, पण तुम्ही काही कमावलंत तर जवळजवळ तेवढीच मदत कमी होते. त्यामुळे इंचॉन शहरातल्या आमच्या दहा मजली सरकारी इमारतीत कुणीच काम करत नाही. म्हणजे दिसेल असं करत नाही. नवा नियम म्हणत होता की कमवाल त्यातला बराचसा भाग तुमच्याच हाती राहील. ‘बराचसा’ हा शब्द मी दोनदा वाचला. शिक्क्यावर गिऱ्हाइकाचं ‘बराचसं नाव’ कोरून दिलं असतं तर त्याने मला मारलं असतं.

मी ते पत्रक भाजीच्या सालींखाली घातलं, आणि एरवी ते तिथेच राहिलं असतं. पण इनरे तळाच्या रांगेत होती.

इनरे म्हणजे माझी बायको. तिच्या अस्थी शहराबाहेरच्या अस्थिघरात आहेत. तिथे भिंतभर काचेचे कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात एक कलश आणि एक फोटो. कप्प्याची किंमत उंचीवर ठरते. उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती चौथी रांग, सगळ्यात महाग. आणि सगळ्यात स्वस्त जमिनीलगतची. इनरेची उंची चार फूट दहा इंच. लग्नानंतर अकरा वर्षं आम्ही तळघराच्या खोलीत काढली, खिडकीतून लोकांचे घोटे दिसायचे. ती म्हणायची, “एकदा तरी मला माणसांची तोंडं बघायची आहेत.” आणि मी तिला पुन्हा घोट्यांच्या रांगेत ठेवून आलो होतो.

शरदाच्या सणाला मी तिला भेटायला गेलो. माझे गुडघे वाकत नाहीत. कमरेतून वाकलो तर वरच्या रांगेतल्या कुणा बड्या माणसाच्या कप्प्याला टांगलेली फुलांची माळ इनरेच्या तोंडावर लोंबत होती. ती बाजूला केली तर त्यांच्या सुनेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फुलं चोरतोय. शेवटी मी फरशीवर आडवा झालो. पहारेकरी धावत आला, त्याला वाटलं मी गेलो.

व्यवस्थापिका बाईंनी मला ऑफिसात बसवून बार्लीचा चहा दिला आणि सांगितलं, “चौथ्या रांगेत एक कप्पा रिकामा झालाय. हलवता येईल. वरचा फरक तेवढा भरावा लागेल.”

फरक ऐकून मी चहा खाली ठेवला.

“वर्षश्राद्धापर्यंत थांबते मी तुमच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “हप्त्याने द्या. नाही जमलं तर पैसे परत.”

वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर होतं. मी घरी आलो आणि भाजीच्या सालींखालून पत्रक बाहेर काढलं.

आमच्या इमारतीत सल्ला घ्यायला जावं लागत नाही, तो खाली लाकडी चौथऱ्यावर बसलेलाच असतो. गुकदादा सत्तर वर्षांचा, पूर्वी टॅक्सी चालवायचा. टॅक्सीत बसलेला प्रत्येक मंत्री त्याला खाजगीत काहीतरी सांगून उतरला आहे, असं त्याचं म्हणणं. आणि चॉन अक्का एकाहत्तर वर्षांच्या. त्या कमरेला गोल गादी बांधून फिरतात. ही आमच्याकडची शेतातली चीज. फोमची जाड टोपलीएवढी गादी, पट्ट्यांनी मांड्यांना बांधायची. चालताना मागे लोंबते, वाकलं की आपोआप खाली येते, बसायला पाट शोधावा लागत नाही. अक्का त्यावर बसून बाजारातल्या व्यापाऱ्यासाठी पोतीच्या पोती लसूण सोलतात. हे कुठेही नोंदवलेलं नाही.

“लसूण सोलणं म्हणजे काम नव्हे,” त्या म्हणतात. “बोटांचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय.”

“मग व्यापारी पैसे कशाचे देतो?”

“माझ्या तब्येतीचं कौतुक म्हणून.”

मी पत्रक दाखवलं. गुकदादाने ते उन्हात धरलं, नोट खरी की खोटी बघावी तसं.

“प्यो, सापळा आहे हा,” तो म्हणाला. “आधी म्हणतात काम कर. तू काम केलंस की म्हणतात, अरे, हा तर काम करू शकतो! मग मदत बंद. मग औषधाचं कार्ड बंद. मग भाडं दुप्पट.”

“असं लिहिलेलं नाही त्यात.”

“लिहिलं असतं तर सापळा कसला?”

“रोखीत कर काहीतरी,” अक्का म्हणाल्या. “दोन पोती तुला देते. त्या इनरेने कधी ऐकलं नाही माझं, तू तरी ऐक.”

इथे माझा स्वाभिमान आडवा आला. ज्या माणसाने चौतीस वर्षांत एकही बनावट शिक्का कोरला नाही, एका आमदाराच्या मेव्हण्याला दुकानातून हाकलून दिलं, तो चोरून लसूण सोलणार? मी म्हणालो, “मी करीन ते नोंदवून करीन.”

दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझी रवानगी इनरेच्या शेजारी व्हायचीच बाकी आहे.

काम मिळालं ते असं. पासष्टच्या पुढे आमच्याकडे मेट्रो फुकट. त्यामुळे काही कंपन्या म्हाताऱ्यांकडून सामान पोचवून घेतात. तिकिटाचा खर्च नाही, म्हातारा घाईत नाही, आणि तो पळून जाईल अशी भीतीही नाही. मला दातांची लाइन मिळाली. बुप्यॉनमधल्या कारखान्यातून तयार कवळ्या घ्यायच्या आणि दवाखान्यांत पोचवायच्या.

कारखान्याचा मालक पहिल्या दिवशी म्हणाला, “या शेठ, हे तीन डबे. हलवू नका, उघडू नका.”

आमच्याकडे कोणत्याही अनोळखी बाप्याला शेठ म्हणायची पद्धत आहे. रस्त्यात ‘शेठ’ अशी हाक मारली तर सतरा माणसं वळतात. हे सगळं मला माहीत आहे. तरी दुकान बंद झाल्यापासून मला कुणी शेठ म्हटलं नव्हतं. वॉर्ड ऑफिसात मला ‘आजोबा’ म्हणतात, मला नातू नसताना. मी डबे घेऊन निघालो तेव्हा माझी पाठ आपोआप सरळ झाली होती.

पण ‘उघडू नका’ हे मला खटकलं. ज्या डब्यात काही वावगं नाही तो उघडू नका असं कोण सांगेल? तिसऱ्या दिवशी एक डबा खुळखुळत होता. मी फलाटावर बसून तो उघडला. आत गुलाबी हिरड्यांची, पांढरीशुभ्र पूर्ण बत्तिशी माझ्याकडे बघून हसत होती. त्या पत्रकावरच्या म्हाताऱ्यासारखीच. मी दचकलो, वरचा जबडा उडाला आणि शेजारी बसलेल्या गृहस्थाच्या टोपीत पडला. त्याने तो उचलला, निरखला आणि म्हणाला, “तुमचा?”

“नाही, गिऱ्हाइकाचा.”

“घालून बघू का? माझा हलतोय.”

त्याच्या हातून तो काढून घेण्यात माझ्या दोन गाड्या चुकल्या.

तरी पहिला महिना बरा गेला. मिळालेले पैसे मी खात्यातून अस्थिघराला भरले, पावती घेतली. दुसऱ्या महिन्यातही दिले. आणि सगळं मी वॉर्ड ऑफिसात स्वतः जाऊन कळवलं. तिथे आमच्या इमारतीचं काम बघते ती मिस बान, तिशीची मुलगी, चष्म्यावरून बघणारी.

“आजोबा, तुम्ही स्वतःहून सांगायला आलात?”

“हो.”

“कुणी पाठवलं का?”

“नाही.”

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. चार वर्षांत तिच्या टेबलाशी असं कुणी आलं नसावं. आठवड्याभरात तिचं पत्र आलं की उत्पन्नात बदल झाल्याने घराची पुन्हा पाहणी होईल. म्हणजे प्रामाणिकपणाला पाहणी. शेजारी अक्कांच्या घरात लसणाचा डोंगर, त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

पाहणीचा दिवस गुरुवार ठरला होता. मिस बान बुधवारी आली. नेमक्या त्या वेळी चॉन अक्का मला मुळ्याची किमची, म्हणजे आमचं आंबवलेलं तिखट लोणचं, द्यायला आल्या होत्या, सोबत अर्धं पोतं लसूण होता, कारण जिथे जातील तिथे सोलत बसतात. बेल वाजली. मी दाराच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून म्हणालो, “वॉर्ड ऑफिस!”

एकाहत्तर वर्षांची बाई एवढ्या चपळाईने हलू शकते हे मी पहिल्यांदा पाहिलं. पोतं, सुरी, मागे लोंबती गादी, सगळं घेऊन त्या न्हाणीघरात शिरल्या आणि आतून कडी घातली.

मिस बान दारात उभी राहिली ती आत येईना. ती खाली बघत होती. आमच्याकडे चपला दाराच्या आत काढतात. तिथे माझे बूट होते. शेजारी इनरेचे तपकिरी बूट होते, ते मी हलवलेले नाहीत. आणि त्यांच्या शेजारी अक्कांच्या जांभळ्या रबरी चपला.

“आजोबा, तुम्ही एकटे राहता ना?”

“एकटाच.”

“हे बूट?”

“बायकोचे. ती गेल्या वर्षी वारली.”

तिने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, “आणि या चपला?”

“त्याही तिच्याच.”

मिस बान खाली वाकली. “बूट दोनशे पंचवीस नंबरचे आहेत. चपला दोनशे पंचेचाळीसच्या.”

आमच्याकडे नंबर म्हणजे पावलाची लांबी, मिलिमीटरांत. मेल्यावर माणसाचे पाय वाढत नाहीत.

“घरात लसणाचा खूप वास येतोय,” ती म्हणाली.

“मी लसूण खातो.”

“किती?”

तेवढ्यात न्हाणीघरात काहीतरी धपकन पडलं आणि अक्कांचा आवाज आला, “अगं आई गं!”

मिस बानने वहीत काहीतरी लिहिलं. मला त्या वयात, त्या प्रसंगी, जी लाज वाटली ती मी लग्नाच्या आधीही कधी अनुभवली नव्हती. अक्कांना बाहेर यावंच लागलं. लसणाचं पोतं त्यांनी आतच ठेवलं होतं, पण सालपटं केसांत होती.

“आंघोळीला आले होते,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे गरम पाणी येत नाही.”

यापेक्षा वाईट उत्तर शोधूनही सापडलं नसतं. मिस बानने आणखी दोन ओळी लिहिल्या.

ती गेल्यावर मी अक्कांना म्हणालो, “आंघोळीला? आंघोळीला, अक्का?”

“मग काय लसूण सोलायला म्हणू? माझी मदत कापतील ना!”

“आता माझी कापतील!”

“तुझं काय, तू नोंदवून करणारा माणूस. नोंदव हेही.”

दुसऱ्या दिवशी सबंध इमारतीला कळलं होतं. गुकदादा मला मुद्दाम हळू आवाजात म्हणाला, “वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस रे.” मी एकटा राहतो याचे तीन साक्षीदार आणा, असं ऑफिसचं पत्र आलं. तिघांच्या सह्या मिळवायला मला चार दिवस लागले, कारण प्रत्येकजण सही करण्याआधी विचारायचा, “खरंच नाही ना काही?” आठव्या मजल्यावरच्या पाद्रीबाबांनी तर आधी माझ्यासाठी प्रार्थना केली, मग सही केली.

सह्या चालल्या. पण तिसऱ्या महिन्यात मदत आली ती कमी होऊन आली. पत्रकातल्या ‘बराचसा’मधला उरलेला भाग म्हणजे किती, ते त्या दिवशी कळलं. आणि मिस बानने मला बोलावून पासबुकावर बोट ठेवलं.

“हे अस्थिघराला दोनदा पैसे गेलेत. कशाचे?”

“बायकोच्या बढतीचे,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. संगणकात बघितलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, “आजोबा, पूर्ण पैसे भरले की तो अंत्यविधीचा खर्च. पण हप्ते चालू असतील, आणि ते परत मिळू शकत असतील, तर नियमाने ती तुमची बचत होते. बचत जास्त झाली तर मदत आणखी कमी होईल.”

“म्हणजे पूर्ण भरेपर्यंत मी श्रीमंत?”

“कागदावर.”

“आणि श्रीमंत असल्यामुळे मदत कमी होणार, आणि ती कमी झाल्यामुळे मी पूर्ण भरू शकणार नाही.”

ती चष्मा काढून पुसू लागली. चष्मा स्वच्छ होता.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे उरले होते आणि एक हप्ता बाकी होता. त्या महिन्याची कमाई एकेक नोट करून घरातल्या तांदळात जात होती. चौथऱ्यावर मी हे सांगितलं तेव्हा नेहमीचा गलका झाला नाही. गुकदादा म्हणाला, “माझ्या भाच्याच्या खात्यातून भरू या.” मी नको म्हणालो. संध्याकाळी चॉन अक्का दारात आल्या, आत पाऊल न टाकता, चपला न काढता. हातात रुमालाची पुरचुंडी होती.

“घे,” त्या म्हणाल्या. “इनरेने मला पहिल्या हिवाळ्यात रजई दिली होती. परत करू नकोस, केलंस तर माझ्या खात्यात दिसेल.”

त्यातून लसणाचा वास येत होता.

“अक्का, मी हे भरलं तर ऑफिस विचारील कुठून आले. मी खोटं बोललो तर मी अडकतो. खरं बोललो तर तुम्ही अडकता.”

त्यांनी पुरचुंडी पुन्हा कमरेला खोचली. आमच्या इमारतीत कुणी कुणाला मदत करू शकत नाही. मदत म्हणजे उत्पन्न.

चौथ्या रांगेतला कप्पा मी सोडला. व्यवस्थापिका बाईंनी खरंच वाईट वाटून घेतलं आणि शब्दाप्रमाणे माझे दोन हप्ते खात्यात परत पाठवले.

आठवड्याभरात ऑफिसचं पत्र आलं. ‘आपल्या खात्यात मोठी रक्कम जमा झाल्याचे आढळले. उत्पन्न म्हणून नोंद का करू नये, याचा खुलासा करावा.’

माझेच पैसे मला परत आले, तर ते माझं नवं उत्पन्न. एकदा कमावले तेव्हा कापले, आता कप्पा न मिळाल्याबद्दल पुन्हा कापणार. गुकदादाला पत्र वाचून इतका आनंद झाला की त्याने मला सोजू दारूचा पेला पाजला. “सांगितलं नव्हतं? तुझ्याजागी मी असतो तर तीन महिने झोपून राहिलो असतो, आणि आज तुझ्यापेक्षा श्रीमंत असतो.”

खुलाशाला अस्थिघराचं पत्र हवं होतं, शिक्क्यासह. व्यवस्थापिका बाईंनी पत्र लिहिलं, पण त्यांच्या नावाचा शिक्का तडकलेला होता, अर्धंच नाव उमटायचं. “हल्ली सहीवरच चालतं हो सगळं,” त्या म्हणाल्या. ऑफिस म्हणालं, रकान्यात ‘शिक्का’ लिहिलंय तर शिक्काच हवा.

मग मी बिस्किटांचा डबा काढला. त्यात माझी हत्यारं होती. तीन वर्षं हात लावला नव्हता. पेअरच्या लाकडाचे दोन तुकडे उरले होते. मी दुपारी खिडकीशी बसलो, व्यवस्थापिका बाईंचं नाव उलटं लिहिलं आणि कोरायला घेतलं. हात अजून रेघ सोडत नव्हता. पूर्वी शेवटचा भुसा इनरे फुंकायची. मी फुंकला की थुंकी उडते, असं तिचं मत होतं. मी अक्षरं पुरी केली आणि सवयीने शिक्का उजवीकडे धरला. मग स्वतःच फुंकला. थुंकी उडालीच.

मिस बानने पत्र उजेडात धरलं.

“छाप अगदी ताजी आहे.”

“शिक्का नवीन आहे.”

“कुणी कोरला?”

“मी.”

तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि त्यावरून हात काढून घेतला, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा. “आजोबा, म्हणजे खुलासा तुमचा, पैसे तुमचे, आणि साक्षीच्या पत्रावरचा शिक्काही तुम्हीच कोरलाय?”

मागच्या टेबलावरचे दोघेजण जेवणाचा डबा बंद करून बघू लागले. तीन महिने मी आजोबा म्हणवून घेतलं होतं, आंघोळीचं बालंट सोसलं होतं, माझ्यासाठी प्रार्थना झाली होती. पण शिक्का खोटा? माझा?

“पोरी,” मी म्हणालो, “तुझ्या टेबलावर तो शिक्का आहे ना, तो उचल. बाजूला, वरच्या अंगाला दोन खाचा आहेत बघ. बाकीचे कारागीर एक खाच करतात, वरची बाजू कळावी म्हणून. मी दोन करतो.”

तिने उचलला, बघितला.

“परीक्षा पास होऊन नोकरीला लागलीस तेव्हा आईबरोबर आली होतीस. आई म्हणाली, साधा करा. माझी बायको म्हणाली, सरकारी नोकरी आहे, चांगल्या लाकडाचा करा, फरक मी घेत नाही. आणि तुला एक सुकवलेलं रामफळासारखं फळ दिलं होतं, बी गिळलीस तू.”

मिस बानचा चेहरा बदलला. मागचा साहेब आपला शिक्का हळूच उलटा करून बघत होता. दोन खाचा.

“मी कोरलेला शिक्का खोटा असेल,” मी म्हणालो, “तर या ऑफिसातला गेल्या चौतीस वर्षांतला एकेक कागद खोटा आहे. मग मदतही खोटी आणि कपातही खोटी. घ्या लिहून.”

साहेब खोकला. मिस बानने माझ्या कागदावर तिच्या शिक्क्याने, म्हणजे माझ्याच, छाप मारली. दुसऱ्यांदा कापायचं टळलं. पहिल्यांदा कापलेलं ते कापलेलंच राहिलं, आणि परत आलेले पैसे पुढच्या तीन महिन्यांत तांदूळ आणि गॅस म्हणून गेले.

निघताना ती मला दारापर्यंत सोडायला आली. “ते दात पोचवायचं काम आता सोडणार ना? हातात फार काही उरत नाही.”

“आठवड्यातून एक दिवस ठेवलंय. नोंदवून.”

“का?”

आता तिला काय सांगू? पत्रकात त्यासाठी रकाना नव्हता. “लोक दातांची वाट बघत असतात,” मी म्हणालो.

“सावकाश जा, शेठ,” ती म्हणाली.

मी वळून बघितलं. माझ्यामागे दुसरं कुणी नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी निघालो तेव्हा चॉन अक्का चौथऱ्यावर लसूण सोलत होत्या. वर्षभराची किमची घालायचे दिवस, लसणाचा खप, म्हणजे त्यांचा हंगाम. मला हाक मारून त्या उठल्या, कमरेची गादी सोडली आणि काही न बोलता माझ्या मांड्यांना पट्टे आवळू लागल्या. भर चौथऱ्यावर. गुकदादाच्या देखत.

“अक्का, सोडा! मी काय शेतावर चाललोय?”

“गुडघे वाकत नाहीत ना तुझे? मग ही वाकते. फुकट आहे, कुठे नोंदवू नकोस.”

काळ्या सुटावर मागे लोंबती हिरवी गादी बांधून मी बसने अस्थिघरात गेलो. पहारेकऱ्याने पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते. चौथ्या रांगेतल्या त्या कप्प्यात आता कुणी देखणे गृहस्थ होते, फुलं भरपूर. त्यांची माणसं समोर ताठ उभी होती.

मी तळाच्या रांगेसमोर जाऊन हळूच वाकलो. गादी आपोआप खाली आली. मी बसलो आणि समोर इनरे होती. अगदी समोर. तिचे डोळे आणि माझे डोळे एका रेषेत. चार फूट दहा इंचांच्या बाईशी मी आयुष्यभर वरून बोललो, हे मला तेव्हा कळलं.

मी तिला सगळं सांगितलं. पत्रक, दात, कपात, शिक्का, थुंकी. बढती मिळाली नाही, हेही सांगितलं. फोटोत ती नेहमीसारखीच बघत होती. तिची नजर जन्मापासून संशयी. मी घरी मासळी आणली तरी आधी विचारायची, “कुठून आणली? आणि का?” आताही तिची नजर माझ्याकडून हळूच खाली, त्या हिरव्या गादीकडे गेल्यासारखी वाटली.

“चॉन अक्कांची आहे,” मी म्हणालो.

आणि बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आंघोळीचं अजून सांगायचं राहिलंय.